लांब सुराची जागा

२ डिसेंबर १९९६
चौकातल्या दगडावर नाव कोरायचंय, आमच्या गावच्या तलवारींच्या नाचाची धून कुणी बांधली त्याचं. यात विचारायचं काय? माझ्या वडिलांनी! अँब्रोज थ्रेल्केल्ड यांनी, १९३१ साली, याच स्वयंपाकघरात. तर सभेत सायलस किअर्टन उठून म्हणतो, "धून माझ्या काकाची, जेथ्रोची. तुझ्या बापानं चोरली, विनी, आणि वर मोडून ठेवली."

मूळ धुनेत म्हणे एक लांब सूर होता. सहा तलवारी मधल्या माणसाच्या गळ्याभोवती अडकल्या की फिडलवाला गज ओढत तो धरून ठेवायचा. मधला खाली वाकून निसटला की मगच तलवारी ओढायच्या. वडिलांच्या धुनेत असलं थांबणं नाही. म्हणून तर ती अंगावर येते!

वडिलांनी ती पहिल्यांदा वाजवली तेव्हा मधे जेथ्रोच होता. प्यायलेला. उशिरा वाकला आणि गळा चिरला गेला. तेव्हापासून आमच्या तलवारी बोथट. मेलेल्याची दया यावी, कबूल. पण म्हणून त्याला धून द्यायची?

७ डिसेंबर
खिडकीतून वीट आली. किटलीचं तोंड उडालं. कुणी फेकली? किअर्टन सोडून कोण!

८ डिसेंबर, रविवार
चर्चमधून तडक पबमध्ये. सायलस बिअर पीत बसलेला. "या, या! मठाच्या शाळेतल्या सिस्टरांनी चोराच्या पोरीला काय काय शिकवलं?"

शिकवलं ना. त्या बोटांवर पट्टी आडवी मारायच्या. मी शेकोटीची सळई उचलली आणि तश्शीच मारली. दोन बोटं मोडली, आवाज ऐकला मी. त्याच्या पुतण्याने आमच्या फिडलवाल्या डिकनला ग्लासांवर ढकललं. डिकनचा तळवा फाटला, रक्त काउंटरवरून खाली. पबची मालकीण किंचाळली, "अहो, साठी उलटली ना तुमची!"

पश्चात्ताप? अजिबात नाही.

१५ डिसेंबर
डिकनला टाके. २६ च्या नाचाला फिडल आता मलाच वाजवावं लागणार, वडिलांनी शिकवलेलं.

संध्याकाळी सायलस दारात, हाताला प्लास्टर. आत घेतला नाही. बाहेरूनच म्हणाला, "तुझ्या आईचं लग्न जेथ्रोशी ठरलं होतं, विनी. सगळ्या म्हाताऱ्यांना माहीत होतं. तुलाच कुणी सांगितलं नाही."

दार आपटलं. आता पुरावाच तोंडावर फेकते.

१६ डिसेंबर
वडिलांच्या फिडलच्या पेटीचं अस्तर उसवलं. आत कागद. अक्षर वडिलांचंच. वर लिहिलंय, 'जेथ्रोची धून'. लांब सूर आहे. त्यावर शाईची रेघ, कागद फाटेस्तोवर दाबलेली. बाजूला: 'इथे थांबायचं नाही.'

खाली तारीख २४ डिसेंबर १९३१.

जेथ्रो मेला तो नाच २६ ला होता.

२० डिसेंबर
चर्चमध्ये फादर केसींकडे पापाची कबुली. सगळं सांगितलं. म्हणाले, "विनिफ्रेड, ते पाप तुझं नाही. मी क्षमा कशाची देऊ?"

सळईची तेवढी दिली.

२३ डिसेंबर
समितीला कागद देऊन आले. दगडावर जेथ्रो किअर्टन कोरा म्हटलं. कुणी माझ्याकडे बघेना.

२६ डिसेंबर
सायलसला तलवार धरवत नाही, म्हणून तो मधे उभा राहिला. सहा तलवारी गळ्याशी आल्या. मी तो लांब सूर धरला. सायलस निसटला, तरी धरूनच ठेवला.