ती डोळे मिटून घेते

ताईस धाकट्याचा नमस्कार,

आईला सांग, मी ठणठणीत आहे, पोटभर जेवतो. तिचा गुडघा काय म्हणतो?

बर्फावरच्या स्केटिंगसाठी मला नवी जोडीदारीण मिळाली. पोरगी गुणी आहे. मी तिला डोक्यावर उचललं की खुशाल डोळे मिटून घेते.

इथून पुढचं आईला वाचून दाखवू नकोस. आधीची जोडीदारीण कंटाळून स्पर्धांतून निवृत्त झाली, असं मी लिहिलं होतं ना? ती माझ्या हातून पडली होती, ताई. अजून कुबड्यांवर आहे.

काल नवीने विचारलं, "ती का रे थांबली?"

"कंटाळली," म्हणालो. तेव्हापासून हातांचा कंप जात नाही.

उद्या सकाळी हिला पुन्हा उचलायचंय. ही डोळे मिटणारच.

लहानपणी चिडवायचीस तीच,
तुझी भित्री भागूबाई