आईच्या हातात पाना

ताई,

"त्या खटाऱ्यातून माझ्याकडे येऊ नका," असं तू बजावलंस, ते बाबांनी भलतंच मनावर घेतलं. चारी चाकांचे गळके ब्रेक सिलिंडर त्यांनी स्वतः बदलले. मग उरली नळ्यांतली हवा काढायची. आईने पेडल दाबून धरायचं, बाबांनी चाकामागचा स्क्रू सैल करायचा आणि तो परत आवळल्यावरच आईने पाय उचलायचा. पण बाबा नेहमीसारखे नुसतं "हं" म्हणायचे. कुठल्या "हं"ला दाबायचं, कुठल्याला सोडायचं, देव जाणे! हवा पुन्हा आत.

शेवटी आई तणतणत उतरली. "तुम्ही बसा वर. पाना इकडे द्या."

मग गल्लीभर तिचा आवाज. "दाबा! धरा! अहो, धरा म्हटलं ना! हां, सोडा!" आणि बाबा निमूट ऐकत होते, ताई!

पेडल घट्ट झालं. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन, कचकन ब्रेक मारून आले. बाबा उतरायला लागले, तर आई म्हणाली, "उतरताय कुठे? चला लेकीकडे."

आत्ताच निघाली दोघं. आता हे पत्र टाकून काय करू? तीच आधी पोचतील. आईचे हात काळेकुट्ट दिसतील. तिने मुद्दाम धुतले नाहीत, तुला दाखवायचेत.

घर राखायला मागे उरलेला,
तुझा धाकटा