मावशीचं सुतक

१२ मार्च, गुरु.
रेखानं पुन्हा तोच विषय काढला. लग्न करू म्हणे. दोन बायकांच्या लग्नाला सरकारी कागद मिळत न्हाई, कोर्टानं न्हाई म्हणून टाकलं, तरी करू. नांदेडला तिच्या ओळखीच्या सुधाच्या घरी, दोन हार, चार माणसं.

मी म्हणलं, आरूला काय सांगायचं? नवऱ्यानं टाकल्यावर रेखा माझ्याकडं आली तेव्हा आरू दुधावर होती. घर कोणी देईना, म्हणून मालकीणकाकूला 'सख्ख्या बहिणी हाव' सांगितलं. आता आरू नऊ वर्षांची झाली. तिलाबी तेच खरं वाटतंय. आईचं अन् मावशीचं लग्न कसं लागतं गं?

"मग खरं सांगू," रेखा म्हणाली.

सोपं हाय का! खरं सांगितलं की मी त्या लेकराची कोण? अन् शाळेत कोणी विचारलं तर तिनं काय खोटं बोलायचं? भांडून माझ्या मिरची-कांडपावर आले. मिरचीचा सीझन, दम घ्यायला फुरसत न्हाई, अन् बाईसाहेबांना हार सुचून राहिले.

१५ मार्च, रवि.
रेखाचे वडील गेले. माहेरहून, नरसीहून, भावाचा फोन. ती रडली न्हाई, गॅस बंद करून तशीच उभी राहिली.

त्या माणसानं मला कधी घरात पाऊल टाकू दिलं न्हाई. तरी गेले. हिला एकटी कशी सोडू? दाराबाहेर चपलांपाशी उभी होते. बायका विचारायला लागल्या, ही कोण? भाऊ म्हणाला, "कोणी न्हाई. शेजारीण हाय."

आरू मधेच ओरडली, "शेजारीण काहून? माझी मावशी हाय! तिचे पण बाबा मेले!"

रेखाला बहीण न्हाई हे त्या गावात कोणाला माहीत न्हाई? एक म्हातारी हसली. मयताच्या घरात हसली, मेली. आरू एकेकाच्या तोंडाकडं पाहत राहिली, शेवटी माझ्याकडं. मी खाली चपलांकडं बघितलं.

सोमवारी तिची परीक्षा, म्हणून संध्याकाळच्या बसनं तिला घेऊन आले. रोज माझ्या मांडीवर डोकं टाकणारी पोरगी, आज खिडकीला चिकटून बसली.

१६ मार्च, सोम.
सकाळीच काकू दारात. "लग्न झालेल्या लेकीला तीन दिवसांचं सुतक, तिचं फिटंल. तू बिनलग्नाची, तुला पुरते दहा. माझ्या मिरच्यांना हात लावू नको बरं शोभा."

काय सांगू? "बरं काकू," म्हणलं. ऐन सीझनात कांडप बंद. ज्यानं मला दारात उभं केलं न्हाई त्याचं सुतक धरून बसले. हसावं का रडावं! आरू दाराआडून सगळं ऐकत होती.

१८ मार्च, बुध.
रेखा आली. डोळे सुजलेले. भाऊ म्हणाला म्हणे, "पोरगी इथं ठेव, चार चांगल्या माणसांत वाढू दे. तू जा तुला जायचं तिकडं." ही ताटावरून उठून आली.

आल्या आल्या आरूला जवळ घेतलं अन् सांगितलं. मावशी माझी बहीण न्हाई.

"मग कोण हाय?"

रेखानं माझ्याकडं पाहिलं. बोलायची पाळी माझी होती. मी म्हणलं, "मैत्रीण."

भित्री कुठली! रेखानं आपलं अंथरूण आरूपाशी नेलं.

२१ मार्च, शनि.
आरू मला काहीच म्हणत न्हाई. "ऐकलं का." "पाणी दे." "वेणी घाल." मावशी न्हाई न् काही न्हाई. भात करपवला.

रेखाला म्हणलं, बघ, झालं न? म्हणून खरं सांगू नको म्हणत होते.

"अर्धंच सांगितलं आपण," ती म्हणाली. "उरलेलं तू गिळलं."

२४ मार्च, मंगळ.
दहावा. मोरीत डोक्यावरून पाणी घेत होते. बाहेर नळावर काकूचा आवाज.

"का गं आरू, नरसीकडची एक बाई सांगून राहिली होती, तुझ्या आईला बहीणच न्हाई म्हणे. मग ही शोभा कोण?"

तांब्या हातातच राहिला.

"सख्खी मावशी हाय," आरू म्हणाली. "माझ्या आजोबाचं सुतक धरलं न तिनं. कांडप बंद ठेवलं. तुमीच तर दहा दिवस सांगितले काकू. सख्खी न्हाई तर कशाला धरंल?"

काकू मग म्हणाली, "तेबी खरंच हाय."

आरू बादली घेऊन आत आली. मी ओल्या केसांनी उभी. माझ्याकडं पाहून हळूच म्हणाली, "बराबर सांगितलं न?"

आवाजबी कापला न्हाई तिचा. तिला खोटं बोलावं लागू नये म्हणून लग्न नको म्हणत होते. अन् लेकरू आमच्यापेक्षा सफाईनं बोललं. मी बसले न् रडले. आरू जवळ आली न्हाई, गेलीबी न्हाई. टॉवेल देऊन तिथंच उभी राहिली.

काकूच्या मिरच्या उन्हात टाकल्या. रेखा सहाला येईल. तिला आज लग्नाचं हो का न्हाई सांगायचं हाय. त्याआधी आरूला समोर बसवते अन् उरलेलं सांगते. उद्या नळावर तिला कोणी विचारलं तर तिला काय म्हणता यावं, हे तिलाच विचारते. अन् ती 'तू इथून जा' म्हणाली, तर तेबी ऐकून घेईन.