थांबा म्हणणारे कोण?

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून रोज चाळीस पानं. विषय: आयर्लंडमधली डावी चळवळ, सोबत अभिजात समाजशास्त्र. तेवीस तारखेला इथे दुबईत, करामा भागात, वाचन मंडळापुढे माझा पेपर आहे. आमच्या ग्रुपचं नाव 'लेफ्ट टर्न'. इथे जपून राहावं लागतं. नाव ऐकून लोकांना ग्रुप ट्रॅफिकबद्दलचा वाटतो.
ऑफिसचे ड्रायव्हर अलीमियाँ रजेचा फॉर्म देऊन गेले. मुलीचा, मुनिबाचा, रत्नागिरीत निकाह. तोही तेवीसलाच. एचआर मॅनेजर मी, म्हणजे सही माझी. करतो म्हटलं.

४ नोव्हेंबर
तीन पानं. विभावरीने मध्येच कोथिंबीर आणायला पिटाळलं. बायकोच व्यवस्थेची एजंट, मग क्रांती व्हायची कशी?

६ नोव्हेंबर, गुरुवार
जबरदस्त मुद्दा सापडला. १९१८ ची निवडणूक. आयरिश मजुरांच्या पक्षाला सांगण्यात आलं, आधी स्वातंत्र्य, तुमचं नंतर, तूर्त थांबा. ते थांबले. पुढे शंभर वर्षं सत्ता उजव्यांच्याच घरात, आणि मजूर आपले थांबलेलेच. वाचून रक्त खवळलं. पेपरचं नाव ठरलं: 'थांबा म्हणणारे कोण?'
अलीमियाँ फॉर्मचं विचारायला आले. म्हटलं, जरा थांबा.

१० नोव्हेंबर
नोकरशाहीवरचं चॅप्टर. नियमांच्या पिंजऱ्यात माणसाचा कागद होतो. शंभर टक्के खरं. म्हणून अलीमियाँच्या फॉर्मवर यंत्रासारखी सही करायची नाही. आधी माणूस म्हणून संवाद. या आठवड्यात वेळ काढतो.

१३ नोव्हेंबर
संवाद झाला. उम्म अल कुवैनच्या साइटवर जाताना गाडीत त्यांना पेपर वाचून दाखवला. १९१३ साली डब्लिनच्या मालकांनी हजारो कामगारांना कामाबाहेर ठेवलं, युनियन सोडतो अशी सही मागितली वगैरे. त्यांनी विचारलं, तेव्हा दुबईत एवढ्या कंपन्या होत्या काय? दुबई नव्हे हो, डब्लिन. थोड्या वेळाने विचारलं, सही झाली काय? मी सांगितलं, नाही, बहुतेकांनी ठाम नकार दिला. ते एकदम गप्प झाले. विषय भिडला असावा.

१८ नोव्हेंबर
दुसरा ड्रायव्हर तहसीन बदली ड्युटी करायला तयार आहे, असं अलीमियाँ सांगून गेले. म्हटलं, बघतो. उद्या नक्की.
जेवताना आरवला वर्गसंघर्ष समजावला. तो म्हणाला, बाबा, बट यू आर द मॅनेजमेंट. पोराचा पाया कच्चा आहे. पगार घेणारा तो कामगार.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
पेपर बारा पानांचा झाला. सही आज करणारच होतो, पण सिस्टमला रजेची मंजुरी सात दिवस आधी लागते. माझ्या हातात काहीच नाही. हा नियम २०१९ मध्ये मीच केला होता, पण तेव्हा माझं वाचन एवढं नव्हतं. अलीमियाँना सांगितलं, तारीख पुढे ढकलता आली तर बघा, होईल इन्शाल्ला. ते म्हणाले, हॉल, काझी, पाहुणे, सगळं ठरलंय सर. वाईट वाटलं. रविवारी करामाला जायला गाडी लागेल, तेही सांगून टाकलं.

२३ नोव्हेंबर, रविवार, दुपारी २.४०
अलीमियाँ कडक इस्त्रीचा पांढरा कुर्ता घालून आले. अत्तरही लावलंय. माझ्या पेपरची त्यांनी एवढी कदर करावी, बरं वाटलं.

सायंकाळी ७
पाच जण आले होते. 'थांबले' या शब्दाला माझा आवाज भरून आला. सुरेशने टाळी वाजवली.
खाली आलो. अलीमियाँ गाडीतच होते. फोन स्टिअरिंगला टेकवलेला, फोनमध्ये मुनिबा, हिरव्या साडीत. निकाह लागून गेला होता. बापाच्या जागी त्यांचा धाकटा भाऊ उभा राहिला म्हणे. मला बघून त्यांनी डोळे पुसले आणि एसी वाढवला. मुबारक म्हटलं. शुक्रिया सर, म्हणाले. लाज वाटली. खोटं कशाला लिहू, फार लाज वाटली. मागच्या सीटवर बसवेना, पुढे बसलो.
घरी आल्यावर बॅगेतून फॉर्म काढला. आज पहिल्यांदा वाचला. कारणाच्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हाताने इंग्रजीत लिहिलं होतं, एकच मुलगी आहे, बाप म्हणून तिच्या बाजूने मला उभं राहायचं आहे.
स्पेलिंगच्या दोन चुका होत्या. त्या दुरुस्त केल्या आणि सही केली.