मुलगी सुखरूप आहे

बाबा, आज मी तुमचा फोटो कापला. कात्री न लावता, संगणकाच्या पडद्यावर, कडेकडेने बोट फिरवत. खाकी शर्टातला तुमचा तो एकच फोटो माझ्याकडे आहे, नोकरीच्या ओळखपत्रावरचा, आणि त्यात कार्यालयाचा गोल शिक्का तुमच्या खांद्यावर चढून बसला आहे. शिक्का पुसायला गेले तर त्याच्याबरोबर तुमचा अर्धा कानही गेला. मग कान परत आणला आणि शिक्क्यासकट तुम्हाला ठेवून दिलं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "राहू दे, शिक्का असला की माणूस खरा वाटतो." तुम्ही गेलात तेव्हा संगणक मी फक्त कॉलेजच्या प्रयोगशाळेत पाहिला होता, तोही आवरण घातलेला. आता खराडीच्या एका काचेच्या इमारतीत दिवसभर त्याच्यासमोर बसणं हीच माझी नोकरी आहे. तिथे काय करतेस, असं तुम्ही विचारलं असतंत तर मला धड सांगता आलं नसतं, आणि तुम्ही "बरं, डबा नेतेस ना?" एवढ्यावर विषय संपवला असतात.

झालं असं की ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, लहानपणाच्या एका आठवणीचं फोटो कोलाज करून द्या, मजल्यावरच्या मोठ्या पडद्यावर लावू. कोलाज म्हणजे बरेच फोटो कापून, एकावर एक ठेवून, त्यांचं एक चित्र करायचं. इतरांची दोन दिवसांत तयार झाली. कुणाचा वाढदिवस, कुणाची महाबळेश्वरची सहल, कुणी आजोबांच्या स्कूटरवर पुढे उभं. मी बसले आणि लक्षात आलं की मला जी आठवण मांडायची आहे तिचा एकही फोटो नाही. असणार कसा? मूल एकटं असतं तेव्हा त्याचा फोटो काढायला तिथे कुणी नसतंच. आई गेल्यानंतरच्या त्या सगळ्या वर्षांत, शाळा सुटल्यावर तुमची ड्युटी संपेपर्यंत, मी स्वारगेटच्या स्टँडवर एका बाकावर बसून असायचे. घरी कुणी नाही, आणि तुम्ही वाहतूक नियंत्रक, माईकसमोर. आजूबाजूला एवढी माणसं की पाय ठेवायला जागा नाही, आणि त्या गर्दीत मी एकटी.

तुमचा आवाज मात्र असायचा. बाकाच्या वरच भोंगा होता. "भोर, नसरापूरकडे जाणाऱ्या प्रवाशांनी लक्ष द्यावे." माझा बाप सगळ्या जगाशी बोलतोय आणि माझ्याशी तेवढा बोलत नाही, असं मला वाटायचं. पण आवाज काय होता तुमचा! दर रविवारी विहारात वंदना तुम्हीच म्हणायचात, तिथे घासून घासून तो तसा झाला असणार. प्रत्येक शब्द धुऊन, पिळून वाळत घातल्यासारखा. एकदा कुठलेसे मोठे साहेब खिडकीशी येऊन म्हणाले, "तुमचं मराठी फार शुद्ध आहे हो. मूळचे कुठले तुम्ही?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "इथलाच. चौकशीच्या खिडकीतला." ते गेल्यावर तुमचे सहकारी किती तरी वेळ हसत होते आणि मला काही कळेना. घरी विचारलं तर तुम्ही कांदा चिरत म्हणालात, "ज्याला गाडीची चौकशी करायची नसते तो माणसाची करतो." याचा अर्थ कळायला मला कॉलेजात जावं लागलं. मलाही तोच प्रश्न तिथे कुणीतरी विचारला, तेव्हा तुमचं उत्तर आठवलं. तेवढं झटकन बोलणं मला जमलं नाही, नुसतीच हसले.

आणखी एक तुमचं मला तेव्हा कळायचं नाही, आता कळतं आणि अभिमान वाटतो. मुंबईच्या गाडीची घोषणा तुम्ही एकदा करायचात, आणि वेल्ह्याच्या गाडीची पुन्हा पुन्हा, सावकाश, वाटेतल्या एकेका वाडीचं नाव घेत. कुणीतरी चिडवलं, "काय राव, दहा टाळकी असतात त्या गाडीला!" तुम्ही म्हणालात, "मुंबईवाल्याची चुकली तर त्याला दुसरी मिळते. वेल्ह्याच्या म्हातारीची चुकली तर ती आज इथेच झोपणार. झोपवता तुमच्या घरी?" गेल्या शनिवारी फोटो काढायला मी स्टँडवर जाऊन आले. आता तिथे आधी भरून ठेवलेला आवाज आहे, एका बाईंचा, गोड. सगळ्या गावांची नावं ती एकाच चालीत घेते. मी बराच वेळ उभी राहून ऐकलं आणि माझं मलाच हसू आलं, कारण मी मनातल्या मनात तुमच्यासारखी चुका काढत होते.

तर कोलाज. बाकाचा फोटो मिळाला, म्हणजे तो बाक नव्हे, त्याच्यासारखा. नियंत्रण कक्षाची खिडकी मिळाली. मी मिळाले ती तिसरीच्या वर्गाच्या फोटोत, मागच्या रांगेत, दोन वेण्यांची. त्या वेण्या तुम्ही घातलेल्या. घालायला शिकलात ते पार्सल खोलीतल्या सुतळीवर, हमालांच्या देखरेखीखाली, हे मला त्यांनीच पुढे सांगितलं. फोटो मोठा केला तर माझ्या चेहऱ्याचे नुसते चौकोन झाले, पण वेण्या स्पष्ट राहिल्या. मग माईकसमोर बसलेले तुम्ही हवे होतात आणि तसे कुठेच नव्हतात. शेजारी बसणारी टीममधली मुलगी म्हणाली, "मॅम, डोन्ट वरी, एआयला सांगते ना. बाबांचा फोटो अपलोड करा, माईकसमोर बसवून देईल." बसवलं त्याने. तुमच्याच नाकाडोळ्यांचा कुणी गृहस्थ, भरघोस मिशा, शुभ्र दात, माईक हातात धरून गाणं म्हणायला निघाल्यासारखा हसतोय. "किती क्यूट!" ती म्हणाली. मी म्हटलं, "अगं, हे माझे बाबा नाहीत. माझे बाबा माईकसमोर कधी हसले नाहीत." तिला वाटलं मी रागावले. रागावले नव्हते. तुम्हाला कुणी असं बघितलं असतं तर तुम्ही ड्युटीवरून रजा टाकून घरी गेला असतात, या विचाराने मला गंमत वाटत होती.

मग मी ठरवलं की जसं झालं तसंच करायचं, तो दिवाळीचा दिवस करायचा.

स्टँडवर हरवलेली मुलं यायची तेव्हा तुम्ही काय करायचात ते मी बाकावरून रोज ऐकत होते. तुम्ही मुलाला स्टुलावर बसवायचात, हातात बिस्किट द्यायचात आणि आज काय खाल्लं ते विचारायचात, "अहो-जाहो" करून. मग घोषणा. त्यात आधी "मुलगा सुखरूप आहे" आणि मग नाव, कपड्यांचा रंग वगैरे. मी एकदा विचारलं, सुखरूप आहे हे शेवटी का नाही? तुम्ही म्हणालात, "त्याची आई ऐकत असते. तिला आधी श्वास घेऊ दे, मग रंग सांगू." मला त्या मुलांचा भयंकर हेवा वाटायचा. त्यांचं नाव माझ्या बाबांच्या आवाजात साऱ्या स्टँडभर घुमायचं. त्यांना कक्षात बसायला मिळायचं, आणि मला तिथे मज्जाव, कारण कर्मचाऱ्यांच्या मुलांना आत घ्यायचं नाही असा नियम आणि तुम्ही नियमाचे पक्के.

त्या दिवाळीच्या दिवशी जो तो गावाला निघालेला. पिशव्या, पणत्या, रडणारी पोरं, गाडीच्या खिडकीतून आत फेकलेले रुमाल. आपल्याला जायला गाव नव्हतं आणि तुम्ही दुपारपासून माझ्याकडे मान वळवूनसुद्धा बघितलं नव्हतं. मी उठले. जवळच एक नऊवारीतल्या मावशी गाठोड्यावर बसल्या होत्या, भोरच्या गाडीची वाट बघत. त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "मी हरवलेय."

"आगं बया! कुनाची गं तू?" त्यांनी माझा हात धरला. "रडू नगं. चल, त्या सायबाकडं जाऊ." मी रडत नव्हतेच, पण त्यांनी म्हटल्यावर रडू आलं. गाठोडं एका हातात, मी दुसऱ्या हातात, अशा त्या गर्दीतून वाट काढत तुमच्या दारात आल्या. "सायेब, ही पोर चुकलीया बगा."

तुम्ही वर बघितलंत. तो चेहरा मला कुठल्याही फोटोत सापडणार नाही. मी ओरडा खायच्या तयारीत उभी. तुम्ही स्टूल पुढे ओढलंत. "बसा," म्हणालात. बिस्किट दिलंत. "आज काय खाल्लंत?"

"पोळी आणि बटाट्याची भाजी."

"भाजी कशी होती?"

"मीठ जास्त होतं."

"हं," तुम्ही म्हणालात, कारण भाजी तुम्ही केली होती. मग माईक जवळ ओढलात आणि म्हणालात की एक मुलगी सुखरूप आहे. माझं नाव घेतलंत, पूर्ण, तुमच्या नावासकट, वेल्ह्याच्या वाड्यांची घ्यायचात तितकं सावकाश. निळा फ्रॉक, लाल रिबिनी. "मुलीच्या वडिलांनी ताबडतोब नियंत्रण कक्षात यावे." माईक बंद केलात, सहकाऱ्याला "जरा बघा" म्हणालात, आणि मागच्या दाराने निघून गेलात. थोड्या वेळाने पुढच्या दारात येऊन उभे राहिलात. टोपी काढून हातात घेतली होती. "मी हिचा बाप," तुम्ही म्हणालात.

मावशी तुमच्याकडे बघतात, माझ्याकडे बघतात, परत तुमच्याकडे. "सायेब, पोरीची चेष्टा करतायसा व्हय?"

"चेष्टा नाही मावशी. मूल हरवलं की बापाने यायचं, असा नियम आहे." आणि तुम्ही मला उचलून घेतलंत, सगळ्यांसमोर, ड्युटीवर. मी उचलून घेण्याच्या वयाची राहिले नव्हते. पाय तुमच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते. तेवढ्यात मावशींना आपली गाडी आठवली. त्यांचा जीव वरखाली व्हायला लागला तसे तुम्ही मला कडेवर घेऊनच माईकशी गेलात आणि भोरची गाडी थांबवलीत. तुम्ही गाडी थांबवल्याचं मी त्या एकदाच पाहिलं. मावशी धावता धावता गाठोड्यातून एक करंजी काढून माझ्या हातात कोंबून गेल्या.

घरी जाताना दांडेकर पुलावर तुम्ही म्हणालात, "पुढच्या वेळी हरवायचं असेल तर दिवाळीच्या गर्दीत नको. जरा निवांत दिवस बघ." बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी स्टँडवर आले तर बाक भोंग्याखाली नव्हता. तो तुमच्या काचेसमोर आणून ठेवला होता, भर उन्हात, आणि प्रवासी शिव्या घालत होते. तुमच्या वरच्या साहेबांनी विचारलं तर म्हणे तुम्ही सांगितलंत, जुन्या जागी पाणी गळतं. इतकं धडधडीत खोटं तुम्ही बोललात! आयुष्यात दुसरं कधी बोलला असाल असं मला वाटत नाही. त्यानंतर मी बाकावर अभ्यास करायचे आणि मान वर केली की तुम्ही दिसायचात. एकटी होतेच, बाबा, ते काही गेलं नाही. पण मला कुणीतरी बघतंय हे मला माहीत होतं, आणि त्या बळावर मी मोठी झाले. तुम्ही गेल्यावर, लग्न होईपर्यंत, एकट्या बाईमाणसाला काय काय निभवावं लागतं ते मी निभवलं, आणि लोकांनी माझं कौतुक केलं तेव्हा मला दर वेळी वाटलं, हे तुमच्या पत्त्यावर पाठवायला हवं.

आज संध्याकाळभर मी तुम्हाला चित्रात इकडून तिकडे सरकवत होते. खुर्चीत ठेवलं की साहेब दिसता, दारात ठेवलं की बाप दिसता. टीममधली ती मुलगी म्हणाली, "डुप्लिकेट करा ना मॅम, दोन्हीकडे ठेवा." मला ते पटेना, एक माणूस दोन ठिकाणी असू शकत नाही, म्हणून तर तुम्हाला तेवढा फेरा घालावा लागला. मावशींचा फोटो नाही, त्यांच्या जागी माझ्या कपाटातल्या हिरव्या लुगड्याचा पदर लावला आहे. शेवटी खुर्ची रिकामी ठेवली आणि तुम्हाला दारात उभं केलं, शिक्क्यासकट. उद्या ते पडद्यावर लागेल. खाली दोन ओळी लिहून द्यायच्या होत्या, त्या लिहायला बसले आणि हे एवढं झालं. ऑफिसला मी "बाबा आणि मी, स्वारगेट" एवढंच पाठवणार आहे. हे इथेच राहील.

ही गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल. माझ्या लग्नात सांगितली, मुलाला झोपवताना सांगितली, तुमच्या शोकसभेतसुद्धा सांगितली, आणि सगळे हसले. एक भाग मात्र मी नेहमी वगळते, तुम्हालाही कधी सांगितला नाही. तुम्ही मागच्या दाराने गेलात आणि पुढच्या दारात आलात, त्या मधल्या वेळात मी मावशींचा हात घट्ट धरून दाराकडे बघत होते, आणि मला खरंच वाटलं होतं, बाबा, की आता मला न्यायला कुणी येणार नाही.