मागच्या दारासमोरचा बाक

चि. भाऊजींस,

अनेक आशीर्वाद. तुम्ही, जाऊबाई आणि दोन्ही पोरी खुशाल असालच. नसाल तर पत्र पुढे वाचायच्या आधी होऊन घ्या, नंतर जमेलसं वाटत नाही. माझी तब्येत बरी आहे. दंड खरचटलाय आणि कंबरेला पट्टा बांधलाय, पण त्याचा दोष माझ्या वयाला देऊ नका, तो तुमच्या कारखान्याचा आहे. जाऊबाई परवा फोनवर विचारत होत्या, "ताई, एकट्या करमतं का हो?" त्यांना सांगा, हे गेल्यापासून घर शांत आहे ते आहेच, पण बसभर पोरं घेऊन सकाळ-संध्याकाळ हिंडणाऱ्या बाईला तेवढी शांतता पुरवून वापरावी लागते.

तर, आमच्या शाळेची नवी बस. तुमच्या कारखान्यातून ती आली तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटले होते की ही आमच्या भाऊजींच्या हातची. (तुम्ही फक्त शेवटची तपासणी करता हे मला ठाऊक आहे, पण लोकांना एवढं खोलात कशाला न्यायचं?) पोरं शाळेत गेली की मी बसमध्येच वाचत बसते. ह्यांची अर्धवट राहिलेली पुस्तकं मी पुरी केली, मग औषधांच्या बाटल्यांबरोबरचे कागद वाचले, आणि ते संपल्यावर बसबरोबर आलेलं माहितीपुस्तक काढलं. पुस्तक चांगलं आहे. गोष्ट अशी नाही, पण लिहिणारा स्वतःच्या मतावर ठाम आहे. तो म्हणतो की संकटकाळचं दार आतून आणि बाहेरून, कुठल्याही हत्याराशिवाय उघडलं पाहिजे. ते नीट लागलं नसेल तर घंटी वाजली पाहिजे. आणि त्याच्यापर्यंतची वाट मोकळी पाहिजे. मी मान वळवून मागे पाहिलं. दार होतं, त्यावर लाल अक्षरं होती, आणि दाराला पाठ लावून दोघांचा एक बाक होता.

ड्रायव्हरदादाला विचारलं. तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी आजच जन्माला आलेय. "मावशी, तो बाक आरटीओचं पासिंग झाल्यावर बसवला. आधी बसवला असता तर गाडी पास झाली असती का?" शाळेला दोन सीटा जास्त हव्या होत्या, तुमच्या लोकांनी हसतमुखाने बसवून दिल्या. त्या बाकावर पहिलीतल्या दोन मुली बसतात. दोघींचे पाय जमिनीला टेकत नाहीत.

हे तुम्हाला माहीतच आहे, हे कुठेही गेले की आधी बाहेर पडायची वाट बघून ठेवायचे. लग्नाचा हॉल असो की नाटकाचं थिएटर. दवाखान्यात खाटेवरूनही मला म्हणाले, जिना त्या अंगाला आहे हं. त्यामुळे तो बाक काही माझ्या डोळ्यासमोरून हलेना.

मी मोठ्या बाईंना म्हटलं, एकदा खोटी खोटी आग लावून बघू. (खोटी खोटी हे दोनदा सांगावं लागलं.) मोठ्या बाई माणूस म्हणून चांगल्या आहेत, शिट्टी घेऊन स्वतः बसच्या मागे उभ्या राहिल्या. खेळाचे सर पोरांना खाली उतरवून घेणार होते. सगळ्यात आधी मी जायचं ठरलं, कारण मावशी निघाल्या तर कोणीही निघेल, असं सरांचं शास्त्र होतं. शिट्टी झाली. मी बाकावर गुडघे टेकले, दांडी फिरवली, दार उघडलं, घंटी ठणाणा वाजायला लागली. इथपर्यंत तुमचा कारखाना शंभर नंबरी. मग मी बाकाच्या पाठीवरून पलीकडे झेप घेतली (झेप हा माझा शब्द आहे, बघणाऱ्यांनी वेगळे वापरले) आणि अडकले. अर्धी बाहेर, अर्धी आत, आणि पदर बाकाच्या दांडीला.

पोरांना एवढा आनंद गॅदरिंगलाही होत नाही. "मावशींना ढकला रे!" असा पुकारा झाला. एका शहाण्या मुलीने विचारलं, "सर, खरी आग लागली तर आम्ही मावशींच्या अंगावरून जायचं का?" सर म्हणाले, "हो, पण बूट काढून." तेवढ्यात ड्रायव्हरदादा पुढून उतरून मागे आला. घंटी वाजली की दार नीट लागलेलं नाही, आणि दार लागलेलं नसलं की ते बाहेरून जोरात लोटायचं, एवढंच त्याला ठाऊक. त्याने लोटलं. मी दारात होते. कंबरेच्या पट्ट्याचा उलगडा आता तुम्हाला झाला असेल.

मला दोघांनी ओढून काढलं. मोठ्या बाईंनी बराच विचार केला आणि निकाल दिला, की ते दार धोक्याचं आहे. सोमवारी सकाळी वेल्डिंगवाला येणार, दाराला कडी लावणार, कडीला कुलूप, आणि किल्ली बाईंच्या कपाटात. आग लागली की ऑफिसात येऊन किल्ली न्यायची. (बाई मीटिंगमध्ये असल्या तर काय, हे मी विचारलं नाही. त्यांनी आगीची वेळ बदलून घेतली असती.) मी म्हटलं, "बाई, दार नका हो बंद करू, बाक काढा."

"मग त्या दोघींना बसवू कुठे, डोक्यावर? आणि कंपनीनेच बसवलाय ना तो? कंपनीला काय कळत नाही?"

"आमचे भाऊजी तिथेच आहेत."

"मग सांगू दे त्यांना. कंपनी चूक म्हणाली तर मी आज काढते."

तर असं सगळं आहे. मनाला लावून घेऊ नका. तुम्ही तपासलेली गाडी बरोबरच होती, बाक तुमच्या पाठीमागे लागला, हे मी ओळखून आहे. पोरींना पापा.

तुमची,
वहिनी

ता. क. माझं मागणं काही नाही. फक्त पासिंगनंतर असे बाक आणखी किती शाळांच्या गाड्यांना लावून दिलेत, ते जरा तुमच्या साहेबांना विचारा. नुसतं विचारा. ते घाबरले तर तुम्ही घाबरू नका.

ता. क. दुसरा. एक मागणं आहे. सोमवारी वेल्डिंगवाला पोचायच्या आत मोठ्या बाईंना फोन करा आणि म्हणा, की तो बाक लावणं ही कंपनीची चूक होती, बाक परत मागवलाय, दाराला हात लावायचा नाही. आवाज जाड काढा. शक्यतो कारखान्याचं नाव लिहिलेला टेम्पो पाठवा.

ता. क. तिसरा. टेम्पो शाळेत नको, माझ्या घरी पाठवा. बाक माझ्या पुढच्या खोलीत आहे. काल दुपारी ह्यांची पान्यांची पेटी नेली, बोल्ट ह्यांच्याच पान्याने सुटले. ड्रायव्हरदादाने हातभार लावला. (त्याला वाटलं शाळेचा हुकूम आहे. मी त्याचा विचार मोडला नाही.) बाक आम्ही मागच्या दारातूनच बाहेर काढला, त्या दारातून सुखरूप बाहेर पडलेली ती पहिली सवारी. बसायला मऊ आहे. हे पत्र त्यावरच बसून लिहितेय. दोघांची जागा आहे आणि मी आपली एका कडेलाच बसलेय, सवय जात नाही.

ता. क. शेवटचा. त्या दोन मुलींची काळजी नको, त्यांना मी माझी सीट दिलीय. मी उद्यापासून ड्रायव्हरदादाशेजारी इंजिनाच्या झाकणावर बसणार. तिथे कोणी बसू नये असं पुस्तकात एका पानावर आहे. ते पान मी फाडून ठेवलंय, आणि तुमच्याकडच्या प्रतीतलं तुम्हीही बघू नका.