कुणाची हरकत असेल तर

बुवापाडा, अंबरनाथ
४ मे १९९२

श्रीमती मोतीबाई यांस,
सलाम.

आमच्यात पत्र सलामाने सुरू करतात म्हणून लिहिला. तब्येत विचारत नाही. काल तुमचा आवाज ऐकला, त्यावरून ती ठणठणीत असावी.

मी पद्मजा. हेमचंद्र उजगरे यांची मुलगी. काल रविवारच्या उपासनेत तुम्ही जिच्या लग्नात खोडा घातलात, ती. तुमचा पत्ता आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी दिला. देताना म्हणाले, "शांतपणे लिही." शांतपणे! त्यांचं काय जातंय?

तुम्ही काय करून ठेवलंत ते तुम्हाला कळलेलं दिसत नाही. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये दोघांची नावं वाचतात आणि विचारतात, कुणाची हरकत असेल तर आत्ताच सांगावी. कुणी काही सांगत नसतं हो! माझ्या उभ्या जन्मात त्या वेळी कुणी उठलेलं मी पाहिलेलं नाही. लोक गीतांच्या पुस्तकाची पानं उलटत बसतात, कुणी खोकून घेतं, झालं. आणि काल तिसऱ्या रविवारी तुम्ही मागच्या बाकावरून डोक्यावर पदर ओढून उठलात. "हाय माझी हरकत! पोरगी माझी हाय, आन् तिला अजून कुणी सांगितलं नाय!"

नवरामुलगा श्यामकांत, त्याच्या आईच्या हातातली पर्स खाली पडली. पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मी हसले. खरंच हसले, मला वाटलं कुणी वेडी बाई शिरलीय. मग पप्पांकडे बघितलं. ते मान खाली घालून बसले होते. एकदा, फक्त एकदा जरी ते म्हणाले असते, "ही बाई खोटं बोलतेय," तर मी तुम्हाला हाताला धरून बाहेर काढलं असतं. ते काही बोलले नाहीत. अजून बोललेले नाहीत. कालपासून घरात आम्ही दोघंच आहोत आणि ते नुसते बायबल उघडून बसतात, पान काही उलटत नाहीत.

लग्न १६ तारखेला होतं. आता हरकतीचा निकाल लागल्याशिवाय ते लावता येत नाही, असा नियम आहे. श्यामकांतची माणसं विठ्ठलवाडीहून निरोप पाठवतात, "आधी काय ते कळू दे." काय कळायचंय त्यांना? कळायचंय ते मला!

तर तुम्ही येऊन पाळकसाहेबांसमोर हरकत मागे घ्या. दुसरं काही मला तुमच्याकडून नको.

आणि हो, मी ओळखलं तुम्हाला. रात्रभर डोकं खाजवलं तेव्हा आठवलं. दरवर्षी पावसाच्या तोंडावर पळसाच्या पानांत जांभळं घेऊन यायचात त्या तुम्हीच ना? पैसे घ्यायचा नाहीत. मम्मी सांगायची, दवाखान्यातली जुनी पेशंट आहे. ती तुम्हाला पायरीच्या वर येऊ द्यायची नाही. एकदा मी खिडकीतून तुम्हाला जांभळी झालेली जीभ काढून दाखवली होती. तुम्ही हसला होतात. हे मी का लिहितेय मला ठाऊक नाही.

मम्मीला जाऊन दोन वर्षं झाली. तिच्याबद्दल मी एक शब्द ऐकून घेणार नाही. तिनं मला वाढवलं. जिनं मला जन्मताच टाकलं, तिला आज भर मंडळीत हक्क सांगायला तोंड कसं झालं, एवढंच मला विचारायचं आहे.

आपली कुणीही नसलेली,
पद्मजा हेमचंद्र उजगरे

बदलापूर गाव
९ मे

चिमी,

तुझं नाव मी हेच ठेवलं व्हतं, म्हणून हेच लिवते. अनेक आशीर्वाद. सातवी शिकलेली हाय मी, कुणाकडून लिवून घेत नाय. अक्षराला हसू नको.

टाकली म्हणतेस? टाकतात ती पोरं अंधारात, कुणाच्या पायरीवर, तोंड लपवून. मी तुला दिवसाढवळ्या दिली. दिली! नीट ऐक आता.

तू पोटात व्हतीस तेव्हा तुझा बाप भगवंत नदीत बुडाला. जन्मलीस तसा सासरा बोलला, बापाला खाऊन आली, हिला दूध घालू नका. गोठ्यात गाय व्हती आन् माझ्या पोरीला पेजेचं पाणी! मना छातीचा रोग, खोकले की रक्त पडे. दवाखान्यात तुझी मम्मी नर्स व्हती, कुमुदिनीबाई. ती बोलली, पोरीला छातीशी घेऊ नको, तिला बी लागेल. आन् रोज दुपारी घरून दूध आणून तुला पाजायची. तिला मूल नव्हतं. तरी तिनं मागितली नाय हां. मीच बोलले, बाई, ही तुम्ही घ्या, माझ्याकडं मरेल.

तुमच्या देवळात तेव्हाच्या पाळकानी तुझ्या मम्मीपप्पांच्या समोर विचारलं, राजीखुशीनं देतेस का? मी व्हय बोलले. मग तुझ्या डोक्यावर पाणी घातलं, तू किंचाळलीस. मी दाराशी उभी, चपला हातात घेऊन. रोगामुळं मना जवळ जायची मनाई. तुझा तो आवाज अजून माझ्या कानात हाय. आन् तू लिवतेस टाकली.

त्या दिशी तुझ्या मम्मीनी प्रभूचं नाव घेऊन शब्द दिला, लग्नाच्या आधी मी पोरीला सांगेन आन् तुमचा मान तुम्हाला देईन. मी गावदेवीचं नाव घेऊन शब्द दिला, तोवर तोंड उघडणार नाय. मी बरी झाले, तरी पाळला. जांभळांची पाटी घेऊन पायरीवर उभी राहिले, तू जीभ दाखवलीस, तरी पाळला. आन् तुमच्या देवळाची झाडलोट करते ती गोदूबाई, त्या दिशी बी तिथंच व्हती, मना बाजारात सांगते, तुझ्या चिमीचं नाव दोन रविवार वाचलं! मना निरोप नाय, काय नाय. डोकं तापलंच माझं. आले उठून.

आता तुमच्या रीतीचं. आमच्यात ज्याचा मान राहिला तो भर मांडवात उठतो आन् बोलतो. मामा उठतो, आत्या उठते. घरचा माणूस नारळ देतो, हाताला धरून बसवतो, लोक हसतात, वाजंत्री सुरू. त्यानं कुणाचं लग्न थांबत नाय. तुमच्या पाळकानी सरळ विचारलं, कुणाची हरकत हाय का. मना वाटलं, चला, इथं बी विचारतात. उठले. वाटलं, तुझे पप्पा येतील, हात धरतील, बस म्हणतील. तर सगळी मंडळी माझ्याकडं बघतच राहिली! ऐकायचं नसेल तर विचारता कशाला? ही कसली रीत तुमची?

तुझं लग्न मोडायला मी आले नव्हते, ग. पण हरकत मागे घे म्हणतेस, ती कशी घेऊ? एकदा तुला देताना व्हय बोलले, तेवढं खूप झालं. ही माझी नाय, असं माझ्या तोंडातून निघणार नाय. लग्नाला माझी ना नाय, एवढं तुझ्या पाळकाला येऊन सांगेन.

तुझ्या मम्मीला नावं ठेवत नाय मी. माणूस चांगलं व्हतं. पण न सांगताच गेली, शब्द तिनं मोडला आन् नाव तुमच्या देवाचं गेलं, त्याचा मना राग हाय. तो राग माझ्यासंगती जाईल.

मोतीबाई
(तुझी कोण, ते तू ठरव.)

बुवापाडा, अंबरनाथ
२५ मे १९९२

मोतीबाई,
सलाम. या वेळी मनापासून.

तुम्हाला काय म्हणायचं ते अजून ठरलेलं नाही. मम्मी एकच होती, आणि आई म्हणायला जीभ वळत नाही. तेव्हा सध्या नावानेच. राग मानू नका, मानलात तरी चालेल, आपल्याला सवय आहे.

तुमचं पत्र मी पप्पांपुढे ठेवलं. त्यांनी वाचलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाले, आपल्यात कायद्यानं दत्तक घेताच येत नाही. कोर्टानं आम्हाला तुझे पालक नेमलं, तेही तू एकवीसची होईपर्यंत. पुढे कागदावर तू आमची कुणी नव्हतीस. मम्मीला हीच धास्ती होती, तुला सांगितलं आणि तू उठून बदलापूरला गेलीस तर अडवायला आपल्यापाशी आहे काय?

असा संताप आला मला! मी काय बकरी आहे, दावं सुटलं की पळायला? चोवीस वर्षं जिच्या कुशीत झोपले तिला माझा एवढाही भरवसा नव्हता? पप्पांवर ओरडले, रडले, मग त्यांनाच चहा करून दिला. दुसऱ्या दिवशी कबरस्तानात गेले. मम्मीसाठी फुलं नेली होती, ती ठेवली आणि तिच्याशी कडकडून भांडून आले. प्रभूचं नाव घेतलं होतंस ना, मग?  पण तुमच्या घरी गाय असताना जिनं मला दूध आणून पाजलं, ती पण तीच. तिला सोडता येत नाही. तुमच्यासमोर तिची बाजू मी घेणारच.

श्यामकांतच्या आई म्हणाल्या, मुलीचं कूळ काय, मूळ काय, चौकशी करायला हवी. दर रविवारी 'आपण सगळी एका बापाची लेकरं' म्हणून डोळे मिटणाऱ्या बाई! आणि श्यामकांत मला सांगतो, थोडं थांबू, आईला सवडीनं समजावतो. मी म्हटलं, "अरे, खेड्यातली एक बाई, अनोळखी चर्चमध्ये, एकटी, शंभर माणसांत उठून बोलली. तुला स्वतःच्या स्वयंपाकघरात बोलता येत नाही?" हे बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं, मी तुमची फुशारकी मारतेय. तो त्याच संध्याकाळी घरी बोलला. त्याच्या आई अजून फुगलेल्या आहेत, पण येणार आहेत.

तुम्ही उन्हातून पाळकसाहेबांकडे जाऊन आलात ते कळलं. "लग्नाला ना नाय, पण पोरगी माझी हाय, असंच लिवा," म्हणालात म्हणे. त्यांनी तसंच लिहून घेतलं. म्हणाले, या हरकतीनं लग्न अडत नाही.

लग्न ६ जूनला, शनिवारी सकाळी. यायचं. विधवा म्हणून मागच्या बाकावर बसाल तर मी तिथवर येऊन तुम्हाला उठवीन, आमच्यात ते चालत नाही. पहिल्या बाकावर मम्मीची जागा रिकामी ठेवणार आहे. तुम्ही तिच्या शेजारी. जांभळं आणा, पण मला दुपारनंतर द्या. साडी पांढरी आहे, उल्हासनगरच्या शेठशी भांडून आणलीय.

पाळकसाहेब त्या दिवशी परत एकदा विचारतील, कुणाची हरकत आहे का. तेव्हा गप्प बसायचं. गावदेवीची शपथ आहे तुम्हाला, तेव्हा बसूनच राहायचं.

मग ते आणखी एक विचारतील. हिला कोण देत आहे? त्याचं उत्तर बाप देतो, उभा राहून. पप्पांना मी सांगितलंय, त्यांनी मान डोलावली. ते उठतील आणि तुमचा हात धरतील. तेव्हा उठा. बोलायचं ते तुम्हीच बोला, त्या रविवारी बोललात तेवढ्याच मोठ्यानं. एकदा तुम्ही मला दाराशी चपला हातात घेऊन दिलंत. या खेपेला पुढे येऊन द्या.

तुम्ही दिलेली,
पद्मजा